पान त्रेसष्टवरची काळी पट्टी

मी एक फाइल बोलतेय. बदामी पुठ्ठ्याची, एकाहत्तर पानांची. अंगावर 'गोपनीय' असा लाल शिक्का बसला, तेव्हापासून माझ्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं, पण मला कुणी बोलू दिलं नाही.

माझं पहिलं पान म्हणजे एक पत्र. आमच्या देशात सट्ट्याची दुकानं परवाना काढून चालतात. सामने, शर्यती, निवडणुका, लोक कशावरही पैज लावतात. अशाच एका दुकानात खिडकीवर बसणाऱ्या बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. निवडणूक कधी होणार हे अजून जाहीर व्हायचं होतं. कुणी म्हणे थंडीत, कुणी म्हणे पुढच्या वर्षी. आणि एकाच आठवड्यात आठ-दहा माणसांनी नेमक्या एकाच तारखेवर पैज लावली. चार दिवसांनी सरकारने तीच तारीख जाहीर केली. बाईंनी वरच्या ऑफिसला लिहिलं, 'ही माणसं नशीबवान नाहीत, यांना आधीच ठाऊक होतं असं वाटतं.'

तपास ज्यांच्याकडे आला त्या मॅडम निवृत्तीला टेकल्या होत्या. त्यांनी मला बाजारातून आणलेल्या नव्या पुठ्ठ्यात घातलं आणि पानांना हाताने आकडे घातले. समोरचा माणूस बोलायचा थांबला तरी त्या लगेच पुढचं विचारत नसत. पेन्सिलीला टोक करत बसायच्या. त्या शांततेत माणसं नको ते बोलून जातात, हे मी त्यांच्या टेबलावर पाहिलं.

तारीख आधी माहीत असलेली माणसं मोजून अकरा. त्यांपैकी एक सरकारचे सल्लागार, उंची कोटातले. त्यांनी सहज म्हणावं तसं म्हटलं, "मी गाडीत फोनवर बोललो असेन. ड्रायव्हरने ऐकलं असेल." मॅडमनी ते लिहून घेतलं. ते बोलणं बाहेर कसं गेलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ड्रायव्हरचा फोटो होता. आठवड्याभरात त्याची नोकरी गेली.

ड्रायव्हर मॅडमच्या खोलीत आला तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसला. पन्नाशी उलटलेला, इस्त्रीचा शर्ट, मान खाली. त्याचं म्हणणं साधं होतं. त्या आठवड्यात गाडी क्लचच्या कामाला गॅरेजात होती, साहेब दुसऱ्या गाडीने फिरत होते, आणि तो घरी मुलीच्या खोलीला रंग देत होता. मॅडम स्वतः गॅरेजात गेल्या. रंगाच्या दुकानात गेल्या. शेजारणीला भेटल्या. शेजारीण म्हणाली, रंगाच्या वासाने माझं डोकं उठलं होतं, मी त्यांच्याशी भांडले सुद्धा.

मग त्यांनी माझं त्रेसष्टावं पान लिहिलं: 'चालकाचा या प्रकरणाशी काहीही संबंध आढळत नाही. त्यांचं नाव घ्यायला कोणताही आधार नव्हता.' पैजा लावणाऱ्यांत सल्लागारांचा मेहुणा निघाला होता, तेही त्यांनी आधीच्या पानांवर लिहिलं. सही केली, माझी नाडी बांधली आणि महिन्याभरात निवृत्त झाल्या.

सरकारने दोन ओळींचं निवेदन काढलं. चौकशी पूर्ण झाली, दोषींवर कारवाई केली. दोषी कोण, त्याचा पत्ता नाही. ड्रायव्हरची नोकरी गेलेली सगळ्यांना माहीत होती. लोकांनी दोन्हीची सांगड घातली आणि विषय मिटवला.

मी कपाटात गेले. दोन वर्षं.

माणसांची एक गंमत मला तिथे कळली. फाइल जाळायला त्यांना भीती वाटते आणि उघडायलाही. म्हणून ती जपून ठेवतात.

मग एक दिवस ड्रायव्हरच्या मुलीचा अर्ज आला, चौकशीची फाइल बघायला मिळावी म्हणून. ती एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. माहिती देणाऱ्या साहेबांसमोर बसून तिने जे सांगितलं, ते मी टेबलावरून ऐकलं. बाबांना कुणी गाडीवर ठेवत नाही. सख्खी मावशी घरी आली की आधी विचारते, ते प्रकरण मिटलं का. बाबा आता केस कापायला दोन बस बदलून लांबच्या दुकानात जातात, तिथे त्यांना कुणी ओळखत नाही.

हे साहेब वाईट नव्हते. ऑफिसात त्यांना मागून सगळे 'पोटकलम' म्हणत, कारण खिडकी उघडायची का, एवढं विचारलं तरी ते आधी नियम बघायचे. त्यांनी पहिलं उत्तर पाठवलं, तपास चालू असल्याने माहिती देता येत नाही. मी समोरच पडले होते, माझ्या शेवटच्या पानावर 'तपास पूर्ण' असं लिहिलेलं होतं. मुलीने पुन्हा अर्ज केला. दुसरं उत्तर गेलं, ही लोकांची व्यक्तिगत माहिती आहे.

मुलीने अपील केलं. अपील ऐकणाऱ्या बाईंनी मला पहिल्या पानापासून वाचलं, दोन दिवस. इतकं सावकाश मला कुणीच वाचलं नव्हतं. त्यांनी हुकूम दिला, फाइल द्या, फक्त खरोखर खासगी असेल तेवढंच झाका.

पोटकलम साहेबांनी माझ्या प्रती काढल्या आणि काळा मार्कर घेऊन बसले. आधी पत्ते झाकले, मग फोन नंबर. मग हात सैल सुटला. मेहुणा झाकला. सल्लागारांबद्दलचं अठ्ठेचाळिसावं पान अख्खं झाकलं. त्रेसष्टाव्या पानावर ड्रायव्हरचं नाव आलं. तेही खासगीच, म्हणून त्यांनी नावासकट पूर्ण परिच्छेद काळा केला. त्यांना वाटलं, आपण एका गरीब माणसाची अब्रू राखली.

मुलगी प्रती घ्यायला आली. तिने त्रेसष्टावं पान खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. काही दिसेना. ती परत येऊन बसली. आवाज चढवला नाही.

"या पट्टीखाली कुणाचं नाव आहे?"

"ते सांगता येत नाही," साहेब म्हणाले. "त्या माणसाच्या खासगीपणाचा प्रश्न आहे. त्याच्याच हितासाठी आहे हे."

"तो माणूस खाली फाटकापाशी उभा आहे. त्याला विचारून येऊ का?"

साहेबांनी मार्करचं टोपण लावलं. पुन्हा काढलं. मग म्हणाले, "वर बोलवा त्यांना."

ड्रायव्हर आला. या वेळीही खुर्चीच्या कडेवरच बसला. साहेबांनी नियमाचं पुस्तक उघडलं, बोट फिरवलं आणि एक कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने त्यावर लिहिलं, 'माझ्याबद्दल जे लिहिलं आहे ते मला आणि कुणालाही दाखवायला माझी हरकत नाही.' खाली सही. मुलीने कागद धरून ठेवला.

साहेबांनी प्रत बाजूला ठेवून मलाच उघडलं. ड्रायव्हरने चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचलं. एकदा, दोनदा. मग विचारलं, "हे कधी लिहिलंय?"

साहेबांनी तारीख सांगितली. फोटो छापून आल्यानंतर सहाच आठवड्यांची होती.

"म्हणजे दोन वर्षं हे इथे होतं," तो म्हणाला. "मग मला कुणी सांगितलं का नाही, साहेब?"

साहेब उठले, त्या पानाची पट्टीविना नवी प्रत स्वतः काढून आणली आणि दोन्ही हातांनी त्याला दिली.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. ज्या वर्तमानपत्राने फोटो पहिल्या पानावर छापला होता, त्याने खुलासा आतल्या पानावर, हवामानाच्या खाली छापला. पण मुलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो वाचला, आणि आता त्यांची रुग्णवाहिका ड्रायव्हरच चालवतो. मावशीने फोन केला. तो त्याने घेतला नाही, अजून तरी.

माझं अठ्ठेचाळिसावं पान मात्र काळंच आहे. पोटकलम साहेबांना वाटलं होतं, मुलीचं काम झालं, आता ती येणार नाही. ती आली. बाबांचं पान मिळालं, म्हणाली, पण तारीख बाहेर कुणी सांगितली हे सगळ्यांनाच कळायला हवं. त्या पानासाठी तिने नवं अपील केलंय. सल्लागारांच्या वकिलांनीही जाडजूड उत्तर दिलंय. निकाल काय लागेल, मला माहीत नाही. मी फक्त कागद आहे, स्वतःहून उघडू शकत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. माझ्यासारख्या पुष्कळजणी या कपाटात आहेत. त्यांच्यातही कुणाचं तरी नाव निर्दोष म्हणून लिहिलेलं असेल आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसेल. या. साधा कोरा कागद चालतो. आपलं नाव लिहा, पत्ता लिहा, काय बघायचंय ते लिहा. का बघायचंय, ते लिहावं लागत नाही.