नीलकंठ जलाची परीक्षा

बडोद्यात, वासणा भागातल्या एका मांडवात तीन-चारशे माणसं माना उंचावून एका काचेच्या नळीकडे बघत होती. नळीत निळं पाणी, खाली स्पिरिटचा दिवा. महाराजांनी एका मधुमेही गृहस्थांच्या लघवीचे आठ थेंब त्यात टाकले आणि उकळी आणली. पाणी निळंच राहिलं. टाळ्या पडल्या.

"जुओ भाई, साकर एटले झेर," महाराज म्हणाले. "झेर कोण पीए? मारो नीलकंठ. हवे इंजेक्शन बंद." म्हणजे साखर हे विष, ते नीलकंठ पितो, आता इंजेक्शन नको.

महादेवाने विष प्यायलं हे ठीक. पण तो बडोद्याच्या लोकांच्या लघवीतली साखर कधीपासून प्यायला लागला, हे कुणी विचारलं नाही. माझ्या धनाजीदादानेही नाही. हे सगळं त्यानेच मला फोनवर सांगितलं.

दादा भोळा नव्हता. कोयलीकडच्या एका कारखान्यात तो रसायनांचे नमुने तपासायचा. अंगारे-दोऱ्यांची चेष्टा करायचा. तो फसला तपासणीला. १९९३ साली बऱ्याच घरांत साखर अशीच बघत: बेनेडिक्टचं निळं द्रावण लघवीबरोबर उकळायचं, साखर असली तर हिरवं, पिवळं, फार असली तर विटकरी. त्याची पंधरा वर्षांची मुलगी योगिनी रोज इन्सुलिन घ्यायची, तरी नळी बऱ्याचदा विटकरी व्हायची. मांडवातून आणलेल्या महाराजांच्या नीलकंठ जलात तिची लघवी उकळली, तर ते मात्र निळंच राहिलं.

"रंग खोटं बोलत नाही, पूर्णिमा," तो म्हणाला.

मी पादरा गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. "इंजेक्शन थांबवू नकोस, मी रविवारी येते," एवढंच मी म्हटलं. त्याच दिवशी निघायला हवं होतं. ही बोच माझी जात नाही.

रविवारी पोचले तेव्हा इन्सुलिन बंद होऊन चार दिवस झाले होते. योगिनी खोल खोल श्वास घेत पडली होती, तोंडाला पिकल्या फळांसारखा वास. "आत्या, पाणी," म्हणाली. रिक्षाने दवाखान्यात नेलं. सोमवारी दुपारी ती गेली.

दिवसकार्य झालं तरी दादाचं एकच पालुपद. "साखर नव्हतीच गं. शेवटच्या सकाळीही नळी निळी होती." मांडवातली माणसं येऊन सांगून गेली, की सलाइननेच घात केला. आणि उरलेली बाटली दादा शेजारच्या कांचनताईंना देणार होता, त्यांच्या मुलासाठी, कुणालसाठी. तोही इन्सुलिनवर होता.

तेव्हा मी दोन नळ्या मांडल्या. एकीत शाळेतून आणलेलं बेनेडिक्ट, दुसरीत नीलकंठ जल. दोन्हींत ग्लुकोजची पूड टाकली.

"उकळ," मी दादाला म्हटलं.

पहिली विटकरी झाली. दुसरी निळीच. त्याने आणखी चमचाभर पूड घातली. तरी निळीच.

"काय आहे हे?"

"मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि पाणी. बेनेडिक्टमध्ये सोडाही असतो. त्यामुळे ग्लुकोजचा रेणू तांब्याला इलेक्ट्रॉन देऊ शकतो. मग तांबं ऑक्सिजनशी जोडलं जातं आणि विटकरी संयुग तयार होतं. यात सोडाच घातलेला नाही. कितीही साखर असू दे, हे निळंच राहणार. ते तसं राहावं म्हणूनच केलंय."

दादाने दिवा विझवला. "कारखान्यात नवी बाटली फोडली की माहीत असलेला नमुना घालून आधी ती बाटलीच तपासतो मी," तो म्हणाला. "बावीस वर्षं. घरी नाही तपासली." मग तो रडायला लागला.

तेवढ्यात कांचनताई दारात आल्या, बाटली न्यायला. दादाने डोळे पुसले, त्यांना आत बसवलं आणि सगळं पुन्हा उकळून दाखवलं.

"पण भाऊ, महाराज तर म्हणाले..."

"कुणी काहीही म्हणू दे, मीसुद्धा. आधी तपासा, मग माना. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई थांबवू नका. कुणालला आज इंजेक्शन दिलंत का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मग इथे बसू नका, ताई. आधी घरी जा आणि द्या. माझी गेली."