काकूची जागा

कमांडोंच्या सरावघराला छप्पर नाही. वरून पाहता यावे म्हणून मामांनी, म्हणजे आमच्या जुन्या प्रशिक्षकांनी, ते उघडेच ठेवले. भिंतींवर टाकलेल्या फळ्यांच्या पुलावर उभे राहून ते खाली दारे फोडणारी तुकडी न्याहाळत. आतली पुठ्ठ्याची माणसे मी रंगवतो : बंदूकधारी, ओलीस, आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उलथने घेऊन उभी असलेली एक बाई. पोरे तिला काकू म्हणतात.

काकू तिथे होती ती मामांच्या हट्टामुळे. तरुणपणी चुकीच्या खबरीवरून त्यांची तुकडी एका घरात शिरली आणि अशीच एक बाई हकनाक गेली. त्या घरात अतिरेकी नव्हताच. पुढे तिचे दोन्ही दीर मात्र अतिरेक्यांना जाऊन मिळाले. "आपणच पेरलं ते," एवढेच मामा म्हणत. निवृत्त होताना एवढा एक धडा मागे उरावा, ही त्यांची आस होती.

यंदाच्या तुकडीने काकूला एकदाही गोळी घातली नाही. स्वयंपाकघरात शिरताच कुणीतरी ओरडे, "काकू, चहा टाका!" आणि सारे हसत पुढे सरकत.

"शिकली रे पोरं," मामा म्हणाले. मग पुलावरून उतरता उतरता, "उद्या परीक्षेला तिला न्हाणीघरात उभी कर. बोलू नकोस कुणाला."

दुसऱ्या दिवशी रिकाम्या स्वयंपाकघरालाच चहा सांगून पोरे पुढे गेली. न्हाणीघराचे दार उघडले. पापणी लवण्याआधी गोळ्या सुटल्या.

"अरे, ही तर आपली काकू!" खालून हसू फुटले. "काकू, इकडं कशाला कडमडलात? मेलात ना फुकट!"

प्रशिक्षण केंद्राचे तरुण प्रमुख चिडले. "सर, जाता जाता निकाल कशाला बिघडवता? ठेवा तिला जागेवर. दुपारी पुन्हा घेऊ."

"खऱ्या घरात बाई जागेवर उभी नसते."

"खऱ्या घराची परीक्षा माझ्याकडे नाही, सर."

मामा माझ्याकडे वळले. "भोकं बुजव तिची."

मी कागद चिकटवला, रंग दिला, ओल्या रंगानिशीच तिला स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. दुपारी सगळे उत्तीर्ण झाले.

"काकू, बऱ्या झालात? टाका मग चहा!"

मामा खाली पाहतच नव्हते. कुंपणापलीकडे शहराची छपरे पसरली होती, एकाला एक खेटून, सगळी बंद.