शंभराच्या भिंगावरचे तेल

मित्रांनो, मी आता थकलो आहे. एका डोळ्याचा, काळ्या लोखंडी मानेचा सूक्ष्मदर्शक म्हणून मी एकतीस वर्षे नोकरी केली आणि गेले आठ महिने एका कपाटात रिकाम्या बाटल्यांच्या शेजारी बसून आहे. कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. फार लांबण लावणार नाही, तेवढा दम राहिलेला नाही.

कारखान्यात मला जोडून झाल्यावर भिंगे घासणाऱ्या कारागिराने स्वतःच्या गालाच्या आतून काडी फिरवली, ती काचपट्टीवर पुसली, वर रंगाचा थेंब सोडला आणि माझ्यातून पाहिले. माणसाची पेशी मी पहिल्यांदा पाहिली ती अशी. पसरट, कडा थोडी दुमडलेली आणि आत एक गडद ठिपका. तो ठिपका म्हणजे केंद्रक. कारागीर म्हणाला, "छान दिसतंय." तेवढ्यावर मी हुरळून गेलो. लहान होतो.

तिथून मी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आलो. जिन्याखालून वळले की ती खोली लागायची. जांभळे डाग पडलेले बेसिन, एका पायाने अधू स्टूल आणि खिडकीजवळ मी. मला तीन भिंगे होती, दहाचे, चाळीसचे आणि शंभराचे. त्यात शंभराचे भारी नाजूक. काचपट्टीवर तेलाचा थेंब टाकून त्याचे टोक तेलात टेकवावे लागे, तेव्हा कुठे ते नीट दाखवी. डोळ्यांत तेल घालून बघा, असे लोक नुसते म्हणतात; मी ते रोज करत होतो. काम झाले की मात्र ते तेल पुसावे लागते, नाहीतर वाळून त्याची चिकट साय धरते.

इतक्या वर्षांत माझ्या डोळ्याखालून किती पेशी गेल्या याची गणती नाही, पण घराणी दोनच. एक जिवाणूंचे. त्यांचा संसार एका खोलीचा. बाहेर भिंत, आत पेशीद्रव्य, प्रथिने बनवणारे बारीक कण, आणि आनुवंशिक द्रव्याची गुंडाळी तिथेच मोकळी पडलेली. तिला वेगळी खोली नाही की पडदा नाही. पुस्तकात यांना आदिकेंद्रकी पेशी म्हणतात. दुसरे घराणे दृश्यकेंद्रकी. तुम्ही, तुमचे मांजर, कांदा, आंब्याचे झाड आणि बुरशीसुद्धा यातच. यांच्या केंद्रकाभोवती स्वतःचे पटल असते, आणि ऊर्जा तयार करण्यासारखी कामे बहुतेक वेगवेगळ्या खोल्यांत चालतात. खरे सांगायचे तर त्या आतल्या खोल्यांपैकी बऱ्याचशा मलाही दिसत नाहीत, त्या मी ऐकून जाणतो. मला नक्की दिसतो तो आकार. यीस्ट नावाच्या बुरशीची पेशी लिंबाएवढी धरली, तर तिच्याशेजारी गोल जिवाणू वाटाण्याएवढा.

प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाई नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावत, "आधी भिंगाचा आकडा बघायचा, मग पेशीचा आकार बोलायचा."

त्यांच्या हाताखाली एक तंत्रज्ञ होती. तिला सगळे ताई म्हणत. वीस वर्षे तिने मला सांभाळले. संध्याकाळी मऊ कागदाने भिंगे पुसायची, वर कापडी टोपी घालायची आणि म्हणायची, "आमचा म्हातारा खोटं बोलत नाही." मग तिची जोडीदारीण नोकरी सोडून गेली आणि तिच्या जागी कुणी आलेच नाही. दोघींचे काम एकटीच्या गळ्यात पडले. ताई मेटाकुटीला आली. आधी माझी टोपी विसरली, मग पुसणे उद्यावर गेले, आणि तो उद्या काही उजाडेना. शंभराच्या भिंगावर साय धरली. ताई चाळीसच्या भिंगावर भागवू लागली.

अशात तिच्या सासूबाईंचे तोंड आले. हयातभर शिवणकाम केलेली, कवळी वापरणारी म्हातारी बाई. तोंडात पांढरे चट्टे, जिभेची आग आग. घशाच्या डॉक्टरांनी तपासणी सांगितली. डॉक्टरबाई नेमक्या रजेवर होत्या, तेव्हा ती काचपट्टी ताईनेच रंगवली आणि ताईनेच पाहिली. तिची त्या दिवसातली त्रेचाळिसावी. शंभराचे भिंग फिरवले तर सगळे धूसर. "मेलं काहीच दिसत नाही," असे पुटपुटत तिने काचपट्टीवरचे तेल पुसून टाकले आणि चाळीसचे लावले. जांभळे, गोल, बारीक दाणे, घोसाघोसाने. शंभराच्या भिंगातून गोल जिवाणू दिसतात, थेट तसेच. आणि हातात वीस वर्षांची सवय. तिने लिहिले, गोल जिवाणू, भरपूर.

मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. ताई, आकडा बघ. चाळीसमधून एवढा दिसणारा वाटाणा शंभरात लिंबू होईल. हे जिवाणू नाहीत, ही बुरशी आहे.

त्या कागदावर भरवसा ठेवून डॉक्टरांनी जिवाणू मारणारे औषध दिले. आदिकेंद्रकी पेशींच्या ज्या रचनेवर ते औषध घाव घालते, ती बुरशीत नसतेच. बुरशीची पेशी तुमच्याच घराण्यातली. त्यामुळे तोंडातले निरुपद्रवी जिवाणू तेवढे मेले आणि बुरशीला रान मोकळे झाले. ताई माझ्याशेजारी उभी राहून घरी फोन करायची. "आई, दोन घोट तरी घ्या ना. माझ्यासाठी घ्या." पलीकडून काय उत्तर यायचे ते मला कळत नसे; फोन ठेवला की ती पुढची काचपट्टी उचलायची. म्हातारीच्या घशाखाली पाणीही धड उतरत नव्हते. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी डॉक्टरबाई परतल्या. औषध लागू पडत नाही हे कळताच त्यांनी तीच काचपट्टी मागवली, शंभराचे भिंग लावले आणि लगेच मान वर केली.

"हे कधी पुसलं होतं?"

ताईने मऊ कागद घेतला, त्यावर द्रावण टाकले आणि साय निघेपर्यंत हलक्या हाताने भिंग पुसले. मग स्वतः पाहिले. मोठ्या गोल पेशी, त्यांना फुटलेले कोंब. यीस्ट.

डॉक्टरबाईंनाही तिची दया आली असावी. त्या म्हणाल्या, "यंत्र जुनं झालंय गं. होतं असं. मी वर तसं लिहून देते."

मित्रांनो, त्या क्षणी माझी एकतीस वर्षांची इभ्रत तिच्या जिभेवर होती. तिने नुसती मान डोलावली असती तरी भागले असते.

"नाही मॅडम," ताई म्हणाली. "त्याला बोल लावू नका. चाळीसमधून बघून मी शंभराचं लिहिलं. आणि भिंग मी पुसलं नव्हतं."

औषध बदलले. चौथ्या दिवशी सासूबाईंनी वाटीभर मऊ भात खाल्ला. डॉक्टरबाईंनी विचारले, "घरी खरं सांगितलंस?"

"सांगितलं. त्या म्हणाल्या, सुईत दोरा ओवायच्या आधी मी चष्मा पुसते, तू का नाही पुसलास?"

पुढे दोन डोळ्यांचे नवे यंत्र आले आणि मी कपाटात गेलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला पुन्हा टेबलावर ठेवा, असेही मी म्हणत नाही. पण तुमच्या शाळेत माझा कुणी भाऊबंद असेल, तर काम झाल्यावर त्याचे भिंग पुसा. फार तर एक मिनिट लागते. ते एक मिनिट रोज वाचवले गेले, आणि एक म्हातारी बाई नऊ दिवस उपाशी राहिली.