आबा खोलीत असताना

मोतीराम आबांनी इंदिरानगरच्या त्या दवाखान्यात खाटेशेजारची खुर्ची धरली ती सोडलीच नाही. धाकट्या भावाची बायको, सरुबाई, पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी कळवणहून आणली होती. भाऊ मागेच वारला, पोरगा सैन्यात, तेव्हा तिचं सगळं आपणच करायचं असं आबांनी ठरवून टाकलेलं. नर्स म्हणाली, सोबतीला बाईमाणूस बोलवा. आबा म्हणाले, "का? मी हाय ना!" आता त्यांच्यापुढे कोण बोलणार?

भूल देणारी डॉक्टर तेजस्विनी वयानं मुलगीच, पण कामाला पक्की. ऑपरेशननंतर कुणाला किती दुखतं आणि दुखणं आवरलं तर माणूस किती लवकर उभा राहतो, यावर तिचा अभ्यास चालला होता. येता-जाता ती विचारायची, "मावशी, शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. किती दुखतंय?"

सरुबाई पदर कपाळावर ओढून भिंतीकडे बघत पुटपुटायची, "नाय दुखत." मग कागदावर शून्य. औषधही त्या हिशेबानं बेताचंच.

आबांची छाती फुगायची. "आमच्या घरातल्या बाया लय सोशिक, मॅडम. ही लग्न होऊन आली तवापासून माझ्यापुढं एक शब्द मोठ्यानं बोलली नाय." हे सांगताना त्यांना फार बरं वाटायचं.

दोन दिवसांनी सरुबाईचं अंग तापलं, नाडी धावू लागली. पोट तपासायला तेजस्विनीनं चादर सरकवली, तर सरुबाईनं ती दोन्ही मुठींत गच्च आवळली. "लाजती ती," आबांनी समजावलं. तेजस्विनीनं एकदा सरुबाईकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे. "आबा, जरा चहा घेऊन या," ती म्हणाली. आबा कुरकुरत उठले.

जिन्यापर्यंत गेले आणि चष्मा राहिला म्हणून परत फिरले. दार लोटलेलं होतं. आतून किंकाळी आली. कुणाची, ते आबांना क्षणभर कळलंच नाही. इतक्या वर्षांत हा आवाज त्यांनी चढलेला ऐकलाच नव्हता.

"मावशी, कधीपासून दुखतंय असं?"

"कालच्या सकाळपासनं. आतून कुणी कापतंय वो."

"मग बोलला का नाहीत? मी किती वेळा विचारलं!"

"आबा बसले व्हते ना. मोठ्या दिरापुढं पोटाचं कसं सांगायचं?"

 आबा दाराला धरून उभे राहिले. तेजस्विनी धावत बाहेर आली ती सर्जनला फोन लावतच. पोट लाकडासारखं कडक झालंय, बहुतेक पित्त आत गळतंय, पुन्हा उघडावं लागेल. "आणखी एक रात्र गेली असती तर मावशी हाती लागल्या नसत्या," ती म्हणाली आणि मग स्वतःशीच, पांढऱ्या चेहऱ्यानं, "अशी किती शून्यं लिहिलीत मी?"

सरुबाईला ढकलगाडीवरून नेलं. अंगावर दवाखान्याचा हिरवा झगा. आबा दिसले तशी त्या अर्धमेल्या बाईचा हात डोक्याशी गेला आणि पदर शोधू लागला. झग्याला कुठला पदर! आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

ऑपरेशन निभावलं. सरुबाई खोलीत आली, खुर्ची रिकामीच राहिली. आबांनी घरी फोन करून बायकोला निघायला सांगितलं आणि स्वतः दाराबाहेर थांबले. आत तेजस्विनीनं विचारलं, "मावशी, किती?"

 सरुबाईनं क्षीण आवाजात विचारलं, "आबा कुठं हायती?"

आबा जिन्याकडे वळले. एरवी दवाखान्यात दबकत चालणारा हा माणूस तिला ऐकू जावं म्हणून चपला फटाफट आपटत पायऱ्या उतरला. वळणावर कठडा धरून थांबला आणि श्वास रोखून ऐकू लागला.

"आठ," वरून आवाज आला. "लय दुखतंय वो डॉक्टरीणबाई. लय."

आबा तिथंच पायरीवर बसले. डोळ्यांना धार लागली होती.

"बोल, सरू," ते हळूच म्हणाले, "बोल."