आत गेलेल्या खुणा

ओतिलियाने गाडी मागे घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा चाकं जागीच फिरली आणि वाळूतून पाणी वर आलं. तिने पाय काढून घेतला. खाली उतरून चाकाशेजारची वाळू मुठीत दाबली, तर ती लाडवासारखी वळली. सप्टेंबरात ओढ्याच्या कोरड्या पात्रात एवढी ओल म्हणजे वर डोंगरात पाऊस झाला होता. वाळूखालचं पाणी इथवर आलं होतं. वाळूवरचं मागून येणार होतं.

इथे मात्र आकाश निळं होतं. चुबास्को, म्हणजे या हंगामातलं वादळ, किनाऱ्यापासून दूर, समुद्रातच फिरत होता. रेडिओवर सकाळपासून त्याचंच चाललं होतं.

तिने टायरमधली हवा आणखी कमी केली, चाकांखाली फळ्या सरकवल्या आणि पिकअप हळूहळू डाव्या काठाच्या गोट्यांवर चढवली. गोट्यांवरून पुढे पठार. पठाराची वाट लांबची आणि हाडं खिळखिळी करणारी, पण समुद्रापर्यंत कोरडी होती. मागची पाण्याची पिंपं एकमेकांवर आपटत होती. वर पोचल्यावर ती थांबली.

ओढ्यातून जो माघारी फिरतो, त्याने ओढ्याच्या तोंडाशी, म्हणजे गाड्या पात्रात उतरतात तिथे, फांदी आडवी टाकायची. या किनाऱ्यावर गाडी चालवणारा प्रत्येक जण हे करतो. पात्रात रस्ता असा नसतोच; पुढे गेलेल्या गाडीच्या खुणा हाच रस्ता. फांदी असली की खुणा कितीही ताज्या असोत, मागून येणारा वरच्या वाटेला लागतो. आत गेलेल्या खुणा आहेत, परत आलेल्या नाहीत आणि फांदीही नाही, म्हणजे कोणीतरी आत अडकलंय. मग त्याला तसंच टाकून कोणी पुढे जात नाही.

कोयता सीटखाली होता. ओढ्याचं तोंड मागे दिसत होतं, त्याच्याजवळचं मेस्कीतचं झाडही. चालत जाऊन यायला फार वेळ लागला नसता. पण वारा वाढला होता आणि तिला पिंपं उतरवून उजेडात परतायचं होतं. वस्तीची मासळी शहरात नेणारे नाबोरकाका ट्रकमधून बर्फ घेऊन पहाटेच किनाऱ्यावरच्या वस्तीवर गेले असतील, असं तिने धरलं. पात्रात दुसऱ्या कुठल्याच गाडीच्या ताज्या खुणा नव्हत्या, हे तिने पाहिलं होतं. पाहिलं होतं, आणि तरी गाडी पुढे काढली.

वस्तीवर माणसं होड्या वाळूवर वर ओढत होती. क्रिसांता पत्र्याच्या शेडखाली शेवंडांच्या क्रेटांवर ओलं गोणपाट टाकत होती. मच्छीमारांच्या सोसायटीची ती प्रमुख. वस्तीतला माल कोणाच्या गाडीतून शहरात जायचा, हे तीच ठरवायची.

"पाणी आलं, बर्फ कुठाय?" तिने विचारलं.

"काका आले नाहीत?"

"कधीचे निघालेत. त्यांच्या बायकोने रेडिओवर सांगितलं. तुझ्या मागेच असायला हवेत." क्रिसांताने तिच्या गाडीकडे पाहिलं. "तू पठारावरून आलीस?"

"ओढा ओला आहे."

"मग येतील तेही वरून. फांदी बघून वळले असतील."

लेंचो होडीशी वाकलेला होता, तिथूनच म्हणाला, "काका पठारावरून म्हणजे उद्या उजाडेल. बर्फ नाही, सरबत घेऊन येतील."

सगळे हसले. ओतिलियाने एक पिंप उतरवलं, दुसऱ्याला हात घातला आणि ते तसंच सोडून दिलं.

"मी बघून येते," ती म्हणाली.

पाण्याचा आवाज काठावर पोचण्याआधीच ऐकू आला. सकाळी जिथे तिची चाकं फिरली होती, तिथून तांबूस पाणी काटक्या-कुटक्या घेऊन धावत होतं. नाबोरकाकांचा ट्रक पात्राच्या मधोमध एका कुशीवर कलला होता. मागचं दार उघडलेलं होतं. बर्फाच्या लाद्या एकेक करून बाहेर सरकत होत्या आणि निवडुंगांच्या मधून समुद्राकडे वाहत जात होत्या.

काका या काठाजवळच्या खडकावर बसले होते. मनगट पोटाशी धरलेलं, पायात एकच बूट.

"तू वर कशी?" ते ओरडले. "मी तुला खाली शोधतोय."

तिने दोरखंड गाडीला बांधून खाली सोडला. एका हाताने त्यांना धरता येईना, म्हणून तीच कमरेपर्यंत पाण्यात उतरली, त्यांच्या काखेखालून दोर घेतला आणि त्यांना वर चढवलं. वर येऊन दोघंही गोट्यांवर बसली. काकांचा श्वास बराच वेळ जागेवर आला नाही.

"वळणापर्यंत हाका मारत गेलो," ते म्हणाले. "खुणा तुझ्याच. पुढच्या डाव्या टायरवरून ओळखल्या. आत गेलेल्या दिसल्या, बाहेर आलेल्या दिसेनात. फांदी नाही. म्हटलं, पोर रुतली. आणि वरून पाणी येणार."

ओतिलियाने दोर गुंडाळायला घेतला.

"तू टाकली नव्हतीस ना फांदी?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. नुसतं विचारत होते.

"टाकली होती, काका."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मेस्कीतची," ती म्हणाली. "तोंडाशीच."

खाली आणखी एक लादी पाण्यात पडली. काकांनी धड हाताने आधी एक डोळा पुसला, मग दुसरा.

"मग मला दिसली नाही," ते म्हणाले.

चुबास्को किनाऱ्यावर न येताच उत्तरेला निघून गेला. ओढा उतरला, ट्रक बाहेर ओढून काढला. इंजिनात वाळू भरली होती. लेंचोने ते उघडलं आणि होईल दुरुस्त, म्हणाला. प्रश्न ट्रकचा नव्हताच. सगळे शेडखाली जमले होते आणि काका हात गळ्यात बांधून गोष्ट स्वतःच रंगवून सांगत होते.

"एवढी मोठी मेस्कीतची फांदी, आणि मी म्हातारा तिच्यावरून गाडी घालतो. वर हाका कोणाला मारतो, तर जी पठारावर मजेत चाललीय तिला."

"काका, फांदीने तरी ओरडायचं होतं," लेंचो म्हणाला.

"ओरडली असेल. कानांचं तरी काय सांगावं?"

हशा पिकला. क्रिसांता तेवढी हसली नाही. शिजवलेल्या कालवांची थाळी तिने काकांपुढे सरकवली आणि ते खाऊ लागल्यावर म्हणाली, "नाबोर, मासळी आता ओतिलियाला नेऊ दे."

काकांनी मान डोलावली. आधीच ठरवून आल्यासारखी. घास मात्र हातातच राहिला.

मासळीची ही फेरी ओतिलियाने मागच्याच हंगामात मागितली होती. नाबोर आहे तोवर नाही, असं तेव्हा क्रिसांता म्हणाली होती.

ओतिलिया उठून उभी राहिली. तिच्या मांडीवरचं ताट खाली पडलं, ते तिने उचललं नाही.

"फांदी नव्हती," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"मी टाकलीच नाही. कंटाळा केला. काकांना तेव्हा बरोबर दिसलं होतं. काही नव्हतंच तिथे. मी खोटं बोलले."

मग क्रिसांता जागची उठली, ओतिलियाजवळ आली आणि तिने तिचं डोकं आपल्या खांद्याशी घेतलं.

"बघा," ती बाकीच्यांना म्हणाली. "म्हाताऱ्याच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून स्वतःवर घेतेय."

"खरं सांगतेय मी."

"पोरी, पुरे," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पाण्यात उतरलीस माझ्यासाठी. आता खोटंही बोलणार आहेस का?"

"काका, तुम्ही आठवून बघा. तुम्ही गाडी थांबवली असेल ना तोंडाशी? खाली उतरला असाल."

"उतरलो होतो की. पायानेच चाचपून पाहिलं असतं तर बरं झालं असतं." ते हसले. "आजवर फांदी टाकल्यावाचून माघारी फिरलीयस कधी? तुला लहानपणापासून ओळखतो मी."

लेंचोने पहिला क्रेट उचलला आणि तिच्या पिकअपमध्ये ठेवला. मागून दुसरा आला. माणसं रांगेने क्रेट आणत राहिली. जाता जाता एकाने तिची पाठ थोपटली.

काका गाडीजवळ येऊन उभे राहिले आणि क्रेट कसे लावायचे ते सांगू लागले. वाऱ्याच्या बाजूला दुहेरी गोणपाट. दर फाट्यावर पाणी शिंपडायचं. ला पाझ शहरातल्या व्यापाऱ्याला आधी वरचा क्रेट दाखवायचा नाही. तिला हे सगळं येत होतं. तरी तिने ते सांगतील तसं केलं.

शेवटचा दोर बांधून झाला. काका समुद्राकडे तोंड करून उभे होते. ऊन स्वच्छ होतं. भूशिराजवळ एक होडी किनाऱ्याकडे येत होती, तिच्या पुढच्या टोकाशी बसलेल्या माणसाचा पिवळा शर्टही इथून दिसत होता.

"ओतिलिया," त्यांनी हळूच विचारलं, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं. "ती होडीच आहे ना?"

"होडीच आहे, काका."

ते थोडा वेळ तिकडेच बघत राहिले.

"नक्की?"