कोंचेत्ताचा चमकता झगा

खिडकीचा पडदा उघडा.

बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. जिन्यावर बाया, दारात बाया, कडेवर किरकिरणारी पोरं. भिंतीवरच्या खिळ्याला गेल्या महिन्यात वारलेल्या कोंचेत्ताचा निळा झगा.

पडदा बंद.

झगा उजळला! गळा, बाह्या, सगळा घेर, हिरवट पांढरा.

"संत लुचियाची खूण!" बोनावेंतुरा न्हावी गरजला. हल्ली तो स्वतःला प्रोफेसर म्हणवायचा. "लकवा, खोकला, नवऱ्याचा संताप, सगळ्यावर एकच इलाज! नुसते ओठ टेकवा. ढकलू नका बायांनो, संत कुठे पळून जात नाही!"

फिलोमेना, कोंचेत्ताची धाकटी बहीण, कारखान्यातून तशीच आली होती. दोघी तिथे शेजारी बसून घड्याळांवर अंधारात दिसणारे आकडे रंगवायच्या. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा, रंगात बुडवायचा, आकडा काढायचा. पुन्हा ओठांत. शनिवारी नाच असला की ठेवणीतला झगा घालूनच कामाला जायचं. रेडियमच्या रंगाची भुकटी त्यावर बसली की नाचताना चमकता यायचं. किती हसायच्या!

मग कोंचेत्ताची दाढ काढताना जबड्याचा तुकडाच बाहेर आला.

शेजारच्या अस्सुंताने लंगडं पोर उचलून त्याचे ओठ झग्याला टेकवले.

"मावशी, नको! रंग आहे तो, विषारी आहे!" फिलोमेना ओरडली.

"मेलेल्या बहिणीवर जळतेस होय गं?" बोनावेंतुरा म्हणाला.

"पडदा नीट ओढा. आता माझ्याकडे बघा."

तिने केस सोडले. केस चमकले. नखं चमकली. तोंड उघडलं, तर दात चमकले.

सगळ्या गुडघ्यांवर. तिच्यापुढे!

"एका घरात दोन संत!"

"अहो, उठा! संताची दाढ ठणकते का? माझी ठणकतेय. कोंचेत्ताचीही अशीच ठणकायची."

अस्सुंताने पोराला मागे ओढलं. बोनावेंतुरा हळूच जिन्याकडे सरकला. आईने मात्र फिलोमेनाचं मनगट घट्ट धरलं.

"रंग असेल, तर मग तूही…"

"हो, आई."

"मग नको. चमत्कारच असू दे. एवढं तरी ठेव माझ्यासाठी."

फिलोमेनाने पडदा उघडला. उजेडात नुसता जुना निळा झगा.

"कळलं म्हणून मी बरी होणार नाही. पण हे पोर अजून वाचेल. मावशी, त्याचं तोंड धू. आणि बायांनो, एखादी वस्तू चमकली तर कशानं चमकते ते आधी विचारा. मी कधी विचारलं नाही."

आईनेच पाणी आणलं, साबण आणला. पोराचे ओठ खसाखसा धुतले. मग ओलं फडकं घेऊन फिलोमेनाचे ओठ पुसू लागली.

"आई, ते आता तिथं नाही गं. हाडात गेलंय."

आई पुसत राहिली.