तीस मीटरचं सुवर्ण

पत्ती वाजली नाही.

बाण पुरता मागे आला की धनुष्यावरची ती पातळ पत्ती टक्‌ करते आणि बोटं आपोआप सुटतात. शाळेत पहिल्यांदा धनुष्य हातात घेतलं तेव्हापासून बोमीचं सगळं त्या आवाजावर चाललं होतं. आता बाणाचं टोक पत्तीच्या कडेशी येऊन अडलं होतं. केसभर मागे ओढायचं बाकी होतं आणि नेमकं तेवढंच होत नव्हतं. खांदा थरथरायला लागला तशी तिनं धनुष्य खाली घेतलं, श्वास सोडला आणि पुन्हा ओढलं. शेजारच्या मुली बाण संपवून मागे गेल्या होत्या. वेळ संपत आला तेव्हा तिनं पत्तीची वाट न बघता बाण सोडून दिला. सत्तर मीटरवरच्या लक्ष्याच्या पांढऱ्या कडेला तो कसाबसा टोचला.

येचॉन गावच्या मैदानावर विद्यापीठांची स्पर्धा सुरू होऊन तासही झाला नव्हता. बोमीचं हे शेवटचं वर्ष. पदवीनंतर धनुष्य हातात ठेवायचं तर एखाद्या शहराच्या संघात नोकरी मिळायला हवी, नाहीतर वयाच्या बाविसाव्या वर्षी सगळं बांधून माळ्यावर टाकायचं. अशाच एका संघाची प्रशिक्षक, आखूड केसांची, गंभीर चेहऱ्याची बाई, छत्रीखाली खुर्ची टाकून बसली होती. तिच्याकडे एकच जागा आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

पत्तीपाशी येऊन हात असा अडतो, त्या आजाराला नाव आहे, पण धनुर्धारी ते सहसा उच्चारत नाहीत. कुणाला तो झालाय असं कळलं की बाकीच्या मुली जेवायलासुद्धा जरा लांब बसतात. बोमीला तो मार्चमध्ये लागला. तिनं कुणाला सांगितलं नाही. सराव संपल्यावर एकटी थांबून ती दोरी ओढत बसायची आणि विचारलं तर म्हणायची, खांदा जरा आखडलाय.

सत्तर मीटरवर ती क्रमवारीत खाली घसरली, साठवर आणखी खाली. दुसऱ्या दिवशी पन्नासवर जेमतेम सावरली. मग लक्ष्य तीस मीटरवर आणलं, आणि काय झालं ते तिलाही कळलं नाही. पिवळं वर्तुळ जवळ आलं, मोठं झालं, हात निमूट चालायला लागला. टक्‌, टक्‌, टक्‌. बाण एकमेकांना घासत शिरत होते. प्रत्येक अंतराचं पदक वेगळं असतं; तीसचं सुवर्ण तिला मिळालं. एकूण क्रमवारीत मात्र ती पार मधल्या गर्दीत होती.

सांगजूहून रजा काढून आलेल्या तिच्या वडलांना, अप्पांना, हा हिशेब समजण्यासारखा नव्हता. ते एसटीसारखी खेड्यापाड्यांची बस चालवायचे. सुवर्ण म्हणजे सुवर्ण. त्यांनी तिच्या आईला फोन लावला आणि आजूबाजूच्या चार बाकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बातमी सांगितली.

त्याच संध्याकाळी, सांघिक सामन्याची नावं देण्याआधी, विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक प्यो सर तिला बाजूला घेऊन गेले. ते कमी बोलणारे गृहस्थ. सत्तरवरचे गुण बघता तिला बसवून पहिल्या वर्षाच्या सोदामला घ्यावं असं त्यांच्या मनात होतं; पण तीसवरचं ते सुवर्ण आडवं येत होतं.

"हात ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

तिच्याकडे क्षणभर बघून त्यांनी मान हलवली आणि तिचं नाव पहिलं ठेवलं.

तिसऱ्या दिवशी उपांत्य सामना शेवटच्या फेरीपर्यंत बरोबरीत गेला. सांघिक सामन्यात वेळ तिघींचा मिळून असतो. एकीनं जास्त घेतला की दुसरीचा जातो. बोमी रेषेवर गेली, ओढलं, आणि पत्ती वाजली नाही. तिनं धनुष्य खाली घेतलं. मागून सर म्हणाले, "परत ये, हारिनला जाऊ दे." हारिन तिची संघातली जोडीदार. परत येता आलं असतं, नियमात बसत होतं. पण छत्रीखालची बाई बघत होती. बोमीनं पुन्हा ओढलं, पुन्हा खाली घेतलं, तिसऱ्यांदा ओढलं. ती मागे आली तेव्हा बाकी दोघींना उभं राहून नेम धरण्याइतकाही वेळ उरला नव्हता. शेवटचा बाण हारिनचा होता. तिनं तो धावत जाऊन जवळजवळ फेकलाच. तो लाल वर्तुळात गेला. एका गुणानं सामना गेला.

हारिन चार वर्षं बोमीच्या खोलीत राहत होती. एकाच भांड्यातल्या रामेन नूडल्स दोघी खायच्या, एकमेकींची बोटं पट्टीनं बांधून द्यायच्या. ती सामानाच्या तंबूमागे जाऊन बसली. बोमी तिथं गेली.

हारिन वर न बघताच म्हणाली, "मला माहीत होतं. मार्चपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"सरांना सांगितलं असतं तर तुझी जागा गेली असती. नाही सांगितलं, तर त्या छत्रीखालच्या बाईसमोर माझी गेली." तिनं हातातली पट्टी सोडवून चुरगळली. "जा आता. मला थोडा वेळ तुझं तोंड बघायचं नाहीये."

बोमी तिथून निघाली ती सरळ सरांकडे गेली. कांस्यपदकाचा सामना जेवणानंतर होता. सर उभ्याउभ्या जवाचा चहा पीत होते. तिनं कुणी उच्चारत नाही तो शब्द उच्चारला. मार्चपासून आहे म्हणाली. सोदामला खेळवा म्हणाली.

सरांनी पेला खाली ठेवला. "काल का नाही बोललीस?"

"काल मला वाटत होतं, जाईल."

ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत, आणि त्यानं तिला जास्त लागलं. त्यांनी सोदामला हाक मारली. पोर पांढरीफटक पडली. "बोमीताई, मला नाही जमायचं," ती पुटपुटली. बोमीनं, दोरी लागू नये म्हणून बांधतात ती, तिची छातीची पट्टी घट्ट करून दिली आणि सांगितलं, "तुझी पत्ती वाजतेय ना? मग फक्त ती ऐक."

ती जाऊन अप्पांशेजारी बसली. तू खाली का नाहीस, असं त्यांनी विचारलं. दुखतंय का, म्हणाले.

"दुखत नाही. हात ऐकत नाही, अप्पा. बरेच महिने झाले."

अप्पा तिच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. वरून त्यात काही दिसण्यासारखं नव्हतं. दोन बोटांवर जुने घट्टे होते, एवढंच. मग त्यांनी डबा उघडून किंबापचा, समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताचा, एक काप तिच्या तळव्यावर ठेवला. "सकाळपासून काही खाल्लं नाहीस," म्हणाले. तिनं तो तोंडात टाकला.

खाली तिघी रेषेवर गेल्या. सोदामचा पहिला बाण भरकटला, दुसरा मधोमध बसला. हारिन आज जशी खेळली तशी चार वर्षांत कधी खेळली नव्हती. तिघींनी सामना सहज जिंकला. बोमी उभी राहून टाळ्या वाजवत होती, अगदी मनापासून वाजवत होती. आणि आपण खाली नव्हतो म्हणूनच हे जमलं, हेही तिला त्याच वेळी कळत होतं.

बक्षिसं झाली. तिच्या गळ्यात सुवर्ण आलं. फोटोत ती हसली. अप्पांनी आणखी एक फोटो काढायला लावला.

लोक पांगायला लागले तशी छत्रीखालची बाई उठून मैदानात आली. बोमी ताठ उभी राहिली. बाई तिच्यासमोरून गेली, पदकाकडे बघून जराशी मान झुकवली, आणि पुढे हारिनपाशी जाऊन थांबली. हारिनच्या एका हातात धनुष्य होतं, दुसऱ्या हातात कसलीतरी पिशवी. अशा मानाच्या माणसाला वाकून नमस्कार करायचा, तो दोन्ही हात मोकळे ठेवून. ती गोंधळून इकडेतिकडे बघायला लागली.

बोमी पुढे झाली. काही न बोलता तिनं हारिनच्या हातातून धनुष्य घेतलं, पिशवी घेतली आणि दहा पावलं लांब जाऊन, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. मागे दोघी हळू आवाजात बोलत होत्या. शब्द ऐकू येत नव्हते, आणि तिनं ऐकायचा प्रयत्नही केला नाही. हारिनचं धनुष्य तिच्या धनुष्याहून जड होतं. त्याचं टोक मातीला लागू नये म्हणून ती ते उचलून धरून उभी होती.